गोदीतला माणूस बोटीवर

क्रूझ करून आलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "मग, काय काय पाहिलंत?" बार्सिलोना, मार्सेलिस, जेनोआ, रोम, पालेर्मो, माल्टा अशी यादी म्हणून दाखवली की समोरचा खूश होतो. पण खरं सांगायचं तर क्रूझने शहरं पाहून होत नाहीत. बोट सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. तेवढ्यात रोम कसलं होतंय? क्रूझने बंदरं होतात. ती मात्र अशी होतात की विमानाने दहा वेळा जाऊन तशी दिसणार नाहीत. ज्याला बंदरांत रस आहे त्याने डोळे झाकून जावं. ज्याला चर्चं आणि म्युझियमं सावकाश पाहायचीत त्याने तेच पैसे हॉटेलात आणि रेल्वेच्या तिकिटात घालावेत. हे माझं मत. आमच्या सौ.चं वेगळं आहे, ते पुढे येईलच.

मी बीपीटीतला, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टमधला. कागदोपत्री आता मुंबई पोर्ट ऑथॉरिटी, त्याआधी मुंबई पोर्ट ट्रस्ट. पण आमच्या पिढीच्या तोंडातून 'बीपीटी' काही जात नाही. इंदिरा डॉकच्या शेडमध्ये टॅली क्लार्क म्हणून लागलो आणि शेड सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झालो. उभी नोकरी बोटींच्या पोटातून निघालेल्या गोणी, पेट्या आणि लोखंडी कॉइल मोजण्यात गेली. स्वतः मात्र बोटीत बसून कुठे गेलो असेन तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला. मुलाने तिकिटं काढून हातात ठेवली, दसरा झाला आणि आम्ही दोघं निघालो.

व्हिसाचं सांगून टाकतो, कारण फोनवर सगळे तेच विचारतात. स्पेन, फ्रान्स, इटली आणि माल्टा हे चारही देश शेंगेनमधले. त्यामुळे एक व्हिसा पुरतो आणि दर बंदरात पासपोर्ट घेऊन रांगेत उभं राहायची भानगड नाही. फी माणशी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. तुमची बोट वाटेत ट्युनिशियाला किंवा तुर्कस्तानला जाणार असेल तर शेंगेनच्या बाहेर पडून पुन्हा आत यायचं असतं, तेव्हा मल्टिपल एन्ट्रीच हवी. ट्रॅव्हलवाला हे आपणहून सांगेलच असं नाही. आणि बोटीच्या आदल्या दिवशी पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नसते.

आम्हीही बार्सिलोनाला आदल्या दिवशी पोहोचलो. सौ.ला सग्रादा फमिलिया पाहायचं होतं. १८८२ पासून चाललेलं बांधकाम बघायला जगभरातून माणसं येतात आणि तिकीट काढून आत जातात. आमच्याकडे एखादी बिल्डिंग चार वर्षं रखडली तर सोसायटीत मारामाऱ्या होतात. पण आत शिरल्यावर मीही गप्प झालो, हे कबूल. दुपारी मात्र माझा हट्ट चालला. कोलंबसच्या खांबाजवळ मध्ययुगातली जहाजबांधणीची गोदी आहे, ड्रासानेस. दगडी कमानींचे लांबच लांब हॉल, आता तिथे सागरी संग्रहालय आहे. १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत ख्रिस्ती आरमाराच्या सेनापतीची जी वल्ह्यांची युद्धनौका होती, ती इथेच बांधलेली. तिची साठ मीटर लांबीची हुबेहूब प्रतिकृती हॉलमध्ये उभी आहे, मागच्या बाजूला सोनेरी नक्षीकाम. पुढे वल्ही मारणाऱ्यांच्या बाकांवर एकेक वल्हं ओढायला कितीतरी माणसं. सौ. म्हणाली, "अहो, ह्यांना डबा कोण आणत असेल?" गोदीतल्या माणसाची बायको आहे, पहिला प्रश्न हाच येणार.

दुसऱ्या दिवशी बोट. टर्मिनल शहराबाहेरच्या लांबलचक धक्क्यावर आहे, उघडमिट होणारा पूल ओलांडून जावं लागतं. आमच्या बरोबरचे एक गृहस्थ सगळ्यांना सांगत होते, बोट दीड लाख टनांची आहे. मी राहवलं नाही म्हणून सांगितलं, की ग्रॉस टनेज हे वजन नसतं, बोटीच्या आतल्या जागेचं माप असतं. त्यांना ते आवडलं नाही. पण यातच क्रूझ बोटीचं सगळं रहस्य आहे. वर बघावं तर सोळा-सतरा मजले, आणि पाण्याखाली जेमतेम साडेआठ-नऊ मीटर. पूर्ण भरलेली मोठी कंटेनर बोट पंधरा-सोळा मीटर खोली मागते. इकडे वरचा सगळा डोलारा पोकळ, केबिनी, थिएटर आणि जेवणाचे हॉल. म्हणून ही धुडं जुन्या, उथळ बंदरांतही शिरतात. मात्र एवढ्या उंच बाजूवर वारा अडतो. लाटांपेक्षा वाऱ्याची भीती मोठी, आणि बंदर रद्द होतं ते बहुतेक वाऱ्यापायी.

सुटण्याआधी सेफ्टी ड्रिल असतं. आपली जागा कुठली, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, भोंगा कसा वाजतो, हे बघायचं आणि कार्ड दाखवून हजेरी लावायची. बरेच जण तोंड वेडंवाकडं करत येतात. १३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी कोस्टा कॉन्कॉर्डिया चिव्हितावेक्कियाहून निघाली, तेव्हा तिथे चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल व्हायचं होतं. काही तासांत ती जिल्यो बेटाच्या खडकावर घासली, बत्तीस माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले, ड्रिल निघण्याआधी किंवा निघताक्षणी झालंच पाहिजे. हे मी आमच्या टेबलावर सांगितल्यावर सौ.ने मला टेबलाखालून चिमटा काढला.

निघताना मी वरच्या डेकवर जाऊन टग, म्हणजे मोठ्या बोटीला ओढणाऱ्या छोट्या बोटी, शोधत होतो. एकही नाही! आमच्याकडे मोठी बोट म्हटली की पुढेमागे टग, शिट्ट्या, आरडाओरडा. इथे बोटीच्या नाकाजवळ आडवे पंखे आणि मागे गोल फिरणारे प्रोपेलर, त्यांच्या जोरावर ती आडवी सरकत धक्क्यापासून सुटली, जराही हिसका नाही. माझ्या शेजारी एक इटालियन आजोबा उभे होते. त्यांनी कठड्यावर हात आपटून काहीतरी म्हटलं. भाषा कळली नाही, पण सूर कळला, तेही माझ्यासारखेच टग शोधत होते.

मार्सेलिसला पहाटे पोहोचतो. मी साडेपाचला नाकाडावर, म्हणजे पुढच्या डेकवर. आधी अंधारात फ्रिऊलची बेटं आणि इफचा किल्ला येतो, मग शहराचे दिवे, आणि टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्दचा सोनेरी पुतळा. या बेटांवर संशयित बोटी अडकवून ठेवायचे. १७२० साली लेव्हांटकडून, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून आलेल्या एका बोटीतून प्लेग शहरात शिरला आणि मार्सेलिसची जवळपास निम्मी वस्ती गेली. माल उतरवायची घाई असलेले व्यापारी आणि विलगीकरणाचे मोडलेले नियम, हे त्यामागचं कारण. मुंबईत १८९६ चा प्लेग पहिल्यांदा मांडवीला, गोदीच्या अंगालाच उमटला होता. आजही बोट लागली की दोरखंडांवर पत्र्याच्या गोल थाळ्या अडकवतात, उंदरांनी दोरावरून ये-जा करू नये म्हणून. प्रवासी त्यांचे फोटो काढतात, त्यांना ती सजावट वाटते.

क्रूझ टर्मिनल शहरापासून बरंच उत्तरेला. बस 'ला जोलियेत' या जुन्या गोदीच्या भागापर्यंत सोडते, तिथून चालत. आता मराठी माणूस मार्सेलिसला उतरला आणि त्याच्या डोक्यात ८ जुलै १९१० आलं नाही, असं होणार नाही. शाळेत सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मोरिया बोट, पोर्टहोल, सावरकरांची समुद्रात उडी. ते ऐकताना मला नेहमी खवळलेला समुद्र आणि मैलभर पोहणं डोळ्यांसमोर यायचं. जोलियेतच्या बाजूला उभं राहिल्यावर चित्र बदललं. बोट बंदरात लागलेली होती. धक्का जवळच. पोहणं थोडंच होतं, खरी अडचण होती ती पोर्टहोलमधून अंग बाहेर काढण्याची आणि मग धक्क्याच्या उभ्या दगडी भिंतीवर चढण्याची. मी आयुष्यभर असल्या भिंती पाहिल्यात. शेवाळ असतं, बोटं रोवायला सांध दिसत नाही. सावरकर ती चढले, पळाले, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून पुन्हा इंग्रजांच्या पहारेकऱ्यांच्या ताब्यात दिलं. परक्या देशाच्या जमिनीवरून कैदी असा परत नेता येतो का, यावर फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला. ताबा देण्यात अनियमितता झाली हे मान्य, पण कैदी परत करायला ब्रिटन बांधील नाही. तोवर त्यांना मुंबईत शिक्षाही झालेली होती. सावरकरांच्या राजकारणावर आमच्या घरात दोन तट आहेत, पण त्या भिंतीपुढे आम्ही दोघंही बराच वेळ उभे होतो.

त्या काळी मुंबईहून विलायतेला जाणारे पुष्कळ लोक मार्सेलिसलाच उतरायचे आणि आगगाडीने कॅलेकडे निघायचे. जिब्राल्टरला वळसा आणि बिस्केच्या उपसागरातल्या उलट्या, दोन्ही वाचायचं. गांधीजी १९३१ ला गोलमेज परिषदेला जाताना इथेच उतरले. १९१४ च्या सप्टेंबरात पहिल्या महायुद्धासाठी आलेले हिंदी सैनिकही इथेच. म्हणजे मुंबईच्या बॅलार्ड पियरचं दुसरं टोक मार्सेलिस होतं, असं म्हणायला हरकत नाही.

साठ नंबरची बस पकडून टेकडीवर गेलो. नोत्र दामच्या आत छताला बोटींच्या प्रतिकृती टांगल्यात, दोऱ्यांनी. शिडाच्या, वाफेच्या, मासेमारीच्या. खलाशांनी नवस फेडून वाहिलेल्या. भिंतीवर संगमरवरी पाट्या, अमुक वादळातून वाचलो वगैरे. मूर्तीपेक्षा छताकडे बघत उभं राहिलेलं एकच माणूस तिथे होतं, ते म्हणजे मी.

खाली जुन्या बंदरावर सकाळी मासळीचा छोटा बाजार भरतो. कोळणी निळ्या ट्रेमध्ये मासे मांडून बसलेल्या, भाव ठरलेले, घासाघीस नाही. मी मासे खाणारा, सौ. शाकाहारी. तिची पंचाईत होणार हे धरूनच आम्ही थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट घेतलं होतं. पण जवळच्या एका खाणावळीत तिच्यापुढे पानिस आले. काबुली चण्याचं पीठ पाण्यात शिजवून, घट्ट करून, त्याच्या चकत्या तळलेल्या. तिने एक तुकडा तोडला, वास घेतला आणि म्हणाली, "हे डाळीचं पीठ आहे." मग दर बंदरात तिचा एकच शोध सुरू झाला. माझा शोध बोलार्डांचा, म्हणजे धक्क्यावर बोटीचे दोर अडकवायच्या खुंटांचा, तिचा बेसनाचा.

दुसऱ्या दिवशी जेनोआ, आणि माझ्या मते सगळ्या वाटेवरचं सर्वांत उत्तम बंदर. डोंगर सरळ समुद्रात उतरलेले, शहर त्यावर मजल्यामजल्यांनी चढलेलं, आणि डाव्या हाताला लँटर्ना, बंदराचा दीपस्तंभ. सध्याचा मनोरा १५४३ चा, ७७ मीटर उंच. अजून दिवा चालू. पाच शतकं होत आली, एकच पत्ता.

बोट कशी बांधतात ते इथे अगदी वरून पाहिलं. धक्क्यावर नारिंगी जाकिटातली चार-पाच माणसं. इटलीत बंदरात बोटी बांधणाऱ्यांची वेगळी संघटित जमात असते, हेच काम. बोटीवरून आधी एक बारीक दोरी भिरकावतात, तिच्या टोकाला वजनाचा गोळा. गोळा धक्क्यावर आदळला की एक जण पाय देऊन दोरी धरतो. पायच द्यायचा, हाताने झेलायला गेला तर बोटं जातात. मग बारीक दोरीमागून मांडीएवढा जाड दोरखंड येतो, दोघं तो ओढत नेतात आणि त्याचा फास बोलार्डवर टाकतात. तिसरा हात वर करतो, बोटीवरचा विंच फिरतो, आणि लोंबणारा दोर पाण्यातून निथळत ताठ होतो. त्या क्षणी धक्क्यावरचा प्रत्येक माणूस दोराच्या रेषेतून बाजूला झालेला असतो. कोणी ओरडून सांगत नाही. ताणलेला दोर तुटला तर काय करतो हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडे लश्कर, म्हणजे गोदीतली खलाशी मंडळी हेच करायची, जाकिटं सोडली तर हालचालसुद्धा तीच.

एक फरक मात्र फार मोठा. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. म्हणून इंदिरा डॉकला लॉक गेट, आतलं पाणी अडवून धरणारं फाटक. खोल बसलेली, भरलेली बोट आत घ्यायची तर भरतीची वेळ बघायची. आमचं सगळं आयुष्य त्या भरतीच्या तक्त्यावर. पाळी कोणती, घरी कधी, पोराच्या शाळेची मीटिंग जमेल का, सगळं चंद्राच्या हातात. भूमध्य समुद्रात पाणी फूटभर इकडेतिकडे होतं, बस्स. फाटक नको, वाट बघणं नको. ग्रीक, फिनिशियन, रोमन, जो आला त्याने धक्का बांधला आणि बोटी लावल्या. इतक्या जवळजवळ इतकी बंदरं का झाली, याचं निम्मं उत्तर त्या फूटभर पाण्यात आहे.

जेनोआच्या बंदरातल्या पालाझो सान जॉर्जोमध्ये आज पोर्ट ऑथॉरिटीचं ऑफिस आहे. इमारत १२६० ची! मार्को पोलो इथल्याच कैदेत होता आणि त्याने आपला प्रवास सोबतच्या कैद्याला इथेच सांगून लिहवला, असं परंपरा सांगते. भिंतीबाहेर रंगवलेली चित्रं, आत फायली. मी दारावरच्या रखवालदाराला छातीवर हात ठेवून "पोर्ट, बॉम्बे, रिटायर्ड" असं सांगितलं. त्याने मला सलाम केला. आत सोडलं नाही.

कॉन्कॉर्डियाचा सांगाडा २०१४ च्या जुलैत ओढत आणून भंगारात काढला तोही इथेच. आणि ज्या पोंते देई मिले धक्क्यावर आज आमच्यासारखे टोप्या घालून उतरतात, त्या भागातून लाखो इटालियन पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेले. जवळच्या सागरी संग्रहालयात त्या स्थलांतरितांच्या डॉर्मिटऱ्या पुन्हा उभारल्यात. लाकडी फळ्या, एकावर एक. वर आमची केबिन, कडक इस्त्रीची चादर, रात्री उशीवर चॉकलेट.

इकडे सौ.ला गल्लीत फरिनाता सापडला. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं भरपूर तेल. पीठ काही तास मुरवायचं, मोठ्या तांब्याच्या ताटात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचं. वरून खरपूस, आतून मऊ. ती दुकानाच्या काचेला नाक लावून बघत राहिली. "हिंग नाही, हळद नाही, मिरची नाही. तरी चांगलं लागतंय, म्हणजे तेल बरं आहे." हे तिचं शेवटचं मत, अपील नाही.

चिव्हितावेक्कियाला आम्ही फुटलो. ती टूरच्या बसने रोमला गेली. रस्त्याने सत्तर-ऐंशी किलोमीटर, जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये, आणि रोमला मिळाले ते उरलेले. कोलोसियम बाहेरून, व्हॅटिकनचा चौक, एक आइस्क्रीम. संध्याकाळी ती दमून आली आणि म्हणाली, "हे रोम नाही, ही रोमची ट्रेलर आहे." ज्यांना स्वस्तात करायचंय ते बंदराच्या बसने लार्गो देला पाचेपर्यंत जाऊन पुढे स्टेशन गाठतात आणि लोकल गाडी पकडतात, तासाभरात रोम. फक्त एक लक्षात ठेवा. बोटीच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते, स्वतः गेलात तर नाही.

मी गावातच राहिलो. रोमला जाणारे हजारो लोक ज्या बंदरावर पाय ठेवून पाच मिनिटांत निघून जातात, ते ट्राजान सम्राटाने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं. धाकट्या प्लिनीने ते काम चालू असताना पाहिलं आणि पत्रात लिहून ठेवलं. बंदराच्या तोंडाशी एक बेट उभं करताहेत, रुंद तराफ्यांवरून प्रचंड दगड आणून एकावर एक टाकताहेत, आणि ते आपल्याच वजनाने जागच्या जागी बसताहेत. लाट त्यावर फुटते आणि आतलं पाणी शांत राहतं. ब्रेकवॉटरचं इतकं चोख वर्णन एखाद्या इंजिनिअरच्या टेंडरात मी वाचलं नाही. जुन्या बंदराच्या काठावर मायकेलँजेलोचं नाव लावलेला किल्ला आहे, त्याच्या सावलीत बसून मी कॉफी घेतली, मासे पकडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे बघत. दिवस वाया गेला असं सौ. म्हणते. म्हणू दे.

पालेर्मोला बोट थेट गावाच्या पोटात लागते. उतरून दहा मिनिटं चाललं की तेआत्रो पोलितेआमा. आणि इथे बेसनाचा शोध संपला. बाजारातल्या गाडीवर पानेल्ले. सौ.चं माहेर जळगावकडचं, त्यामुळे तिने कढईआधी ताट पाहिलं. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट केलेलं, त्यात पार्सली, पसरून थापलेलं, गार झाल्यावर कापलेलं. ही पाटवडीच! फक्त रश्शात सोडायच्या ऐवजी तळायची, तिळाच्या पावात घालायची आणि वर लिंबू पिळायचं. गाडीवाल्याने दोन पाव दिले, तिने तिसरा मागून घेतला आणि हाताने खुणा करून त्याला मोहरी, कढीपत्ता समजावायचा प्रयत्न केला. सिसिलीवर नवव्या शतकापासून अकराव्यापर्यंत अरबांचं राज्य होतं, पानेल्ले त्यांनी आणले असं तिथले लोक सांगतात. त्यांच्यानंतर आलेल्या नॉर्मन राजांनी आपल्या खासगी चर्चला, कापेला पालातिनाला, अरब कारागिरांच्या पद्धतीचं लाकडी छत करून घेतलं. वर सोन्याच्या पार्श्वभूमीवर येशू, शेजारीच अरबी छत. पालेर्मो एका दिवसात होत नाही हे मला इथे पटलं. जेनोआबद्दल तेवढं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी एक जोडपं धक्क्यावरून पळत आलं, हातात पिशव्या, मागे चप्पल राहिलेली. शिडी निघायच्या बेतात. वरच्या कठड्यांवरून शेकडो माणसं टाळ्या वाजवत होती. पोहोचले. क्रूझवर करमणुकीचे महागडे कार्यक्रम असतात, पण याला तोड नाही.

माल्टा. इथे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, पहाटे झोपू नका. बोट ग्रँड हार्बरच्या तोंडाशी येते, दोन्ही बाजूंना ब्रेकवॉटरचे हात. उजवीकडे सेंट एल्मोचा किल्ला, डावीकडे रिकासोली. एल्मोच्या बाजूचा लोखंडी पूल नवा आहे, २०१२ चा. जुना पूल १९४१ च्या जुलैत इटालियनांच्या स्फोटकं भरलेल्या वेगवान होड्यांच्या हल्ल्यात उडाला. आत शिरलं की दोन्ही हातांना मधाच्या रंगाचा दगड, तटावर तट, आणि बोट त्यांच्यामधून इतकी हळू जाते की गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे मोजता येतात. १५६५ ला तुर्कांचा वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी, १५६६ ला, व्हॅलेटाचा पाया घातला. शहर कोणत्या भीतीतून बांधलंय हे समुद्राकडूनच कळतं. विमानतळावरून टॅक्सीने येणाऱ्याला ते नुसतं सुंदर दिसतं.

१८७८ साली रशियाला धाक दाखवायला ब्रिटिश सरकारने सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून बोटींनी माल्टाला आणले. लढाई झालीच नाही, नुसतं बसवून ठेवलं, मग सायप्रसला हलवलं आणि परत नेलं. त्यांत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे लोक होते. कोण कुठली पोरं, कोकणातली, देशावरची, याच दगडांकडे बघत बसली असतील. पगार चालू होता का, हा माझा पहिला प्रश्न.

अपर बराक्का बागेत बरोबर बाराला तोफ उडते. तिथपर्यंत ५८ मीटरची लिफ्ट जाते, चढायची गरज नाही. दुपारी दायसा नावाच्या छोट्या होडीतून पलीकडे बिर्गूला गेलो. नावाडी ज्या भाषेत फोनवर बोलत होता ती अरबीच्या घरातली, पण पाट्या रोमन लिपीत. सौ.ने पास्तित्सी घेतली, आत वाटाण्याचं सारण. "बेसन नाही," ती म्हणाली, थोडी नाराज.

परतीला पूर्ण दिवस पाण्यावर. वर स्विमिंग पूलपाशी ढोल बडवणं चाललं होतं. आमच्या मजल्यावरचा केबिन स्टुअर्ड मडगावचा. त्याचे वडील आणि काका, दोघंही तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. रोज टॉवेलचा हत्ती नाहीतर हंस करून ठेवायचा. सौ.ने त्याला कोकणी-मराठीत बोलतं केलं. कॉन्ट्रॅक्ट कितीचं, साइन ऑफ होऊन घरी कधी, लग्न ठरलंय का. सुट्टीचा वार नसतो, बंदरात उतरायला मिळालं तर दोन तास, तेही वायफाय असलेल्या कॅफेत घरी फोन करण्यात जातात. ज्या बार्सिलोनाला तो इतक्यांदा लागलाय, त्यातलं त्याला मोबाइलचं दुकान आणि एक चर्च माहीत. बिलात दर माणशी दर दिवसाला सर्व्हिस चार्ज लागतोच, तरी निघताना त्याच्या हातात वेगळं पाकीट ठेवा. सौ.ने उरलेली भाजणीही दिली. त्याचा चेहरा पाकिटापेक्षा भाजणीला जास्त खुलला.

आता एक न रुचणारी गोष्ट. आम्ही हजारो माणसं एकदम उतरतो, गल्ल्या तुंबवतो, कॉफी पितो, पुन्हा बोटीवर जेवायला जातो कारण तिथलं जेवण तिकिटात आहे. गावाला आमच्याकडून मिळतं थोडं, गर्दी पुष्कळ. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटी शहरामधल्या कालव्यातून बंद केल्या. बार्सिलोना आपली सात क्रूझ टर्मिनल्स २०३० पर्यंत पाचवर आणणार आहे. मला यात राग येण्यासारखं काही दिसत नाही. मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात बोटींच्या इंधनात गंधक ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, त्यामुळे धुराड्यातून तो पिवळट काळा लोट दिसला नाही. आमच्या नोकरीच्या काळात संध्याकाळी शर्टाची कॉलर झटकली की काजळी पडायची.

केबिनचं विचारणाऱ्यांसाठी. बाल्कनी परवडली तर घ्या, पण बंदराच्या बाजूची द्या म्हणून एजंटशी भांडू नका, बोट कोणत्या अंगाने लागेल ते कप्तान ठरवतो. आतली केबिन घेतलीत तरी काही बिघडत नाही, पहाटेचा वरचा डेक सगळ्यांना फुकट आहे. वायफायचं आणि पेयांचं पॅकेज बोटीवर महाग पडतं, आधी घ्या नाहीतर घेऊच नका. गोळ्या बरोबर ठेवा, ऑक्टोबरात समुद्र बरा असतो, पण मिस्ट्राल, म्हणजे तिथला जोरदार वारा, सुटला तर मार्सेलिसच रद्द होऊ शकतं.

सौ.ने पुढच्या वर्षासाठी रोम लिहून ठेवलंय. विमानाने, एकाच हॉटेलात, आठ दिवस बूड न हलवता. मी ग्रीसच्या पिरियस बंदराच्या आणि इस्तंबूलच्या बोटींचं वेळापत्रक उघडून बसलोय. मुलगा म्हणतो, आधी तुम्ही दोघं एकमत करा आणि मग मला फोन करा.